डावा कान

छत्रपती संभाजीनगर, ११ डिसेंबर

सडा टाकून झाला होता. चुलीवर पाणी ठेवून मी शेळीची धार काढत होते आणि अपेक्षा परातीत पीठ मळत होती. पहिल्या भाकरीचा तुकडा मी चुलीत टाकला, तुझा बाप असताना टाकायचे तसा. नळाला पाणी आलं. दोघींनी हंडे भरले. मग ती म्हणाली, "आत्याबाई, तुरीचे सोले भरले असतील आता. सकाळीच तोडून आनू, म्हंजे बाजारले नेता येतील." मी डब्यात भाकरी घेतली, विळा घेतला, दाराला कडी लावली.

गजेंद्र, त्या दिवसाचं एवढंच सलग आठवतं. पुढचं तुकड्यातुकड्यानं आठवतं. पण लिहिते, कारण फोन तू उचलत नाहीस, उचललास तर मधेच ठेवतोस. कागद फाडणार असलास तरी आधी वाचशील. मी बोलते तशी लिहीत नाही हे पाहून हसू नकोस. अक्षरं मी तुझ्या चौथीच्या पुस्तकावरून आणि किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले. पुस्तकात असतं तसंच हातून उतरतं.

नाल्याकाठची आपली पायवाट तुला माहीत आहे. तुझा बाप तिथून जाताना विळ्याच्या मुठीनं डबा वाजवत जायचा. "अस्वलाले आपन दिसाच्या आधी ऐकू गेलो पायजे," म्हणायचा. मोटार काढायला विहिरीत उतरला आणि वर आलाच नाही, पण त्या वाटेवर डबा मी अजून वाजवते. त्या सकाळीही वाजवत होते. अपेक्षा पुढं होती.

बांधाच्या पलीकडं बोरीची जाळी हलली. काळी पाठ दिसली, आणि पाठीवर पिल्लू. मी ओरडले, "अपेक्षे, थांब!" ती चालतच राहिली. पुन्हा ओरडले. ह्या हाकेला ती थांबली आणि वळली, पण उजवीकडं. तिकडं काही नव्हतं. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं आणि डावीकडून तिच्यावर पडलं.

नखं तिच्या डोक्यात बसली. केसांसकट कातडी पुढं ओढली गेली, जून शेंग सोलावी तशी, आणि तिचं कपाळ तिच्या डोळ्यांवर लोंबायला लागलं. वर पांढरं दिसत होतं ते हाड होतं. ती खाली पडली, दोन्ही हात डोक्याभोवती गुंडाळले, गुडघे पोटाशी घेतले. ओरडली नाही. अस्वलाच्या तोंडातून आवाज येत होता, माझ्या तोंडातून येत होता, तिच्या तोंडातून नाही.

मी विळ्यानं मारलं. पाठीवर मारला तर केसांत अडकला. मग तोंडावर मारला. नाकाशी आडवा बसला, रक्त उडालं. ते माझ्याकडं वळलं. त्याच्या तोंडाला बोरांचा आणि मातीचा वास होता. मी पुन्हा मारलं. तेवढ्यात पिल्लू किंचाळलं आणि दोघं नाल्यात उतरली. मी तिची कातडी पदरानं उचलून जागेवर ठेवली आणि लुगडं फाडून त्याच्या धांदोट्यानं बांधली. बुलढाण्याच्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

तिथून इथं पाठवलं. कातडी शिवली आहे. मांडीची कातडी काढून मध्ये जोड दिला आहे. डोळा वाचला. पण कपाळाकडची कड काळी पडत चालली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिथवर रक्त नीट पोचत नाही, म्हणून प्राणवायू पोचत नाही. असंच राहिलं तर सगळं सडेल, हाड उघडं पडेल, आणि विष मेंदूत उतरेल. त्यावर इथं एक उपाय आहे. माणसाला काचेच्या बंद नळीत झोपवतात आणि आत ऑक्सिजन दाबून भरतात. गोटी सोड्याच्या बाटलीत गॅस दाबून पाण्यात मुरवतात, तसा तो रक्तात मुरतो आणि मेल्यासारख्या कातडीपर्यंत जातो. रोज करावं लागतं. उद्यापासून सुरू.

तू ये. शेत विकू दिलं नाही म्हणून तू माझ्यावर रागावून चाकणला गेलास. तो राग माझ्यावरचा आहे, माझ्यावरच ठेव. तिचा त्यात काय दोष? नवरा उशाशी असला की बाईला धीर येतो.

एक गोष्ट मला कळत नाही. मी इतकी ओरडले, ती उजवीकडं का वळली? हल्ली तिचं असंच झालं आहे. हाक मारली की दुसऱ्यांदा ओ देते. मी म्हणायचे, "ध्यान कुठं असते तुहं?" ती नुसती हसायची.

तुझी माय


१४ डिसेंबर

तू आला नाहीस. उकंडमामाकडून निरोप आला की सुट्टी मिळत नाही. बरं.

नळीत जायच्या पहिल्या दिवशी माझ्या हातून काय झालं ते सांगते. तिच्या उजव्या बाजूचे केस अजून आहेत. इतक्या मोठ्या मशीनमध्ये जायचं तर नीटनेटकं जावं म्हणून मी त्यांना खोबरेल तेल चोपडलं, विंचरलं, बारीक वेणी घातली. मशीन चालवणारी मुलगी आहे, सुचिता नावाची, अकोल्याकडची. तिनं जवळ येऊन वास घेतला आणि ओरडलीच.

"मावशी, तेल कोनं लावलं?"

"म्या. सुनेचं डोकं कोरडं ठेवू का?"

"अहो, आत निव्वळ ऑक्सिजन असते. एक ठिनगी पडली तर हे तेल भडकते. तुमच्या डोळ्यांदेखत सून पेटंन अन् मले दार उघडता येनार नाही."

मला वाटलं पोरगी उगीच भीती घालते. पण तिचा चेहरा पांढरा झाला होता. मग दोघींनी मिळून ते केस साबणानं तीनदा धुतले, जखमेला पाणी लागू न देता. बांगड्या उतरवल्या. जोडवी निघेनात, तिथंही साबण लावून ओढली. अंगावर फक्त सुती झगा. मंगळसूत्र अपेक्षानं स्वतःच काढलं आणि माझ्या हातात दिलं. बाहेर आल्यावर मी पुढं केलं तर म्हणाली, "राहू द्या तुमच्यापाशीच. उद्या पुन्हा काढाच लागते."

सुचितानं तिला समजावलं, "बस घाटातून उतरते तवा कानाले दडे बसते ना?"

"हाव. राजूर घाटात."

"तसंच होते. नाक दाबून फुंकजो, नाहीतर थुका गिळजो. दुखलं तर हात वर कर."

झाकण बंद झालं. काचेतून ती दिसत होती, डोकं पांढरं बांधलेलं, हात पोटावर. नळीच्या बाजूला फोन आहे, त्यातून तिच्याशी बोलता येतं. दाब वाढला तसा तिनं हात वर केला. सुचितानं थांबवलं. "कोनता दुखते?" आवाज आला, "उजवा." "अन् डावा?" "डावा काहीच नाही. डाव्यातून तं वारा बाहेर जाते."

सुचिता माझ्याकडं बघायला लागली. डाव्या कानावर पट्टी होती, म्हणून आधी तो तपासता आला नव्हता. म्हणाली, पट्टी सुटली की डॉक्टर कान बघतील.

अपेक्षा आत झोपली. सुचिता म्हणते, पहिल्या दिवशी कोणी झोपत नाही, घाबरतात. ही मात्र दार लागताच झोपली.


आपल्या वस्तीवरून, १९ डिसेंबर

एका दिवसासाठी घरी आले आहे. शेळीला शेजारच्या अन्नपूर्णाकडं बांधलं होतं, ती बघायची होती आणि अंगावर घालायची धडुती न्यायची होती. बसमधून उतरले तर सगळी वस्ती अन्नपूर्णाच्या शेतात. तिच्या कोरड्या विहिरीत अस्वल पडलं होतं.

माणसं विहिरीभोवती उभी होती, हातात दगड, काठ्या. कोणी पेटत्या तुराट्या आत टाकत होतं. धूर वर येत होता, आणि धुरातून आवाज. मी काठावर गेले, खाली पाहिलं. मला आधी तुझा बाप दिसला. तसाच भिंतीला टेकलेला, तशीच मान. मग डोळे पुसले तेव्हा अस्वल दिसलं. पाठीवरचे केस जळलेले, एक पाय मोडून उलटा झालेला. भिंत चढायचं, पडायचं, पुन्हा चढायचं.

तुझ्या मामानं गर्दी बाजूला केली. "सरका रे. पहिला हक्क माह्या बाईचा हाय." माझ्या हातात दगड दिला. "मार बाई. तुह्या सुनेचं डोकं फोडलं ना यानं. हान."

मी मारला. डोक्याशी लागला. त्यानं माणसासारखा आवाज काढला. दुसरा मी मोठा घेतला, दोन्ही हातांनी उचलावा लागला असा. तोही टाकला. लोक ओरडले, "शाबास!" मला बरं वाटलं. खोटं लिहीत नाही, बरं वाटलं.

मग त्यानं तोंड वर केलं. नाक सबंध होतं. माझ्या विळ्याची खूणच नव्हती. पिल्लूही नव्हतं, आणि अंगानं ते नर होतं.

मी म्हणाले, "उकंडा, हे ते नाही."

"काय ते नाही?"

"ज्यानं मारलं ते. त्याच्या नाकावर म्या विळा घातला होता."

लोक हसले. कोणी म्हणालं, "गोजरबाई, अस्वल ते अस्वल. आता काय आधार कार्ड मागता का त्याले?" आणि दगड पडत राहिले. जंगलखात्याची गाडी आली तोवर ते हलायचं थांबलं होतं. तिघांना गाडीत घालून नेलं. मामा तुरीतून पळाला.

रात्री जेवले नाही. पुन्हा लिहीन. तिची कड अजून काळीच आहे.


छत्रपती संभाजीनगर, २३ डिसेंबर

गजेंद्र,

काल पट्टी सुटली. कानाची डॉक्टर आली. लहानखुरी पोरगी, कपाळाला दिवा बांधलेला. उजवा कान बघितला. मग डावा बघितला आणि बराच वेळ बघत राहिली.

"पडद्याला भोक आहे," म्हणाली.

मी म्हणाले, "अस्वलानंच फाडला असंन."

"नाही आजी. अस्वलानं बाहेरचं फाडलंय. हे आतलं आहे आणि जुनं आहे. भोकाच्या कडा भरून गुळगुळीत झाल्यात. नळीत तर त्याचा उपयोगच झालाय म्हणा, ह्या कानाला दाबाचा त्रास नाही. पण ऐकू कमी येत असणार." मग तिनं अपेक्षाला विचारलं, "कधी काही लागलं होतं का कानाला? कोणी मारलं होतं?"

अपेक्षानं मान हलवली. नाही.

डॉक्टरनं दिवा विझवला. माझ्याकडं बघून सांगितलं, "उघडा तळहात नेमका कानावर बसला की आतली हवा दाबली जाते आणि पडदा फाटतो. आमच्याकडं येतात अशा बायका. सगळ्या पडलेल्या असतात."

मी विचारलं, "एका कानानं ऐकनाऱ्याले हाक मारली तर?"

"हाक ऐकू जाईल, पण कुठून आली ते कळत नाही. चांगल्या कानाच्या बाजूनंच आली असं वाटतं."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. बसल्याबसल्या ती सकाळ पुन्हा चालून आले. जाळी डावीकडं होती. मी मागं, डावीकडं होते. अस्वल फुरफुरलं ते तिला ऐकूच गेलं नाही. माझी पहिली हाक डब्याच्या आवाजात गेली. दुसरी ऐकली आणि ती उजवीकडं वळली, अस्वलाला पाठ करून.

त्या विहिरीत मी दोन दगड टाकले. दोन्ही चुकीच्या जनावराला लागले.

मी अजून कोणाचं नाव लिहीत नाही. तिनं सांगितलेलं नाही. पण आपल्या घरात तळहात तीनच जणांचे होते.


२९ डिसेंबर

मी तिला रोज विचारत होते. कपडे बदलताना, पेज भरवताना. ती म्हणायची, "जाऊ द्या आत्याबाई." काल नळीत गेल्यावर सुचिता मशीनच्या आकड्यांकडं बघत होती आणि मी फोन कानाला लावून बसले होते. तिकडून तिनंच बोलायला सुरुवात केली. आमच्यामध्ये ती जाड काच होती. माझ्याकडं न बघता, वर छताकडं बघून बोलत होती.

"पोळ्याच्या दिवशी. तुमी बैल घेऊन मारुतीपाशी गेल्या होत्या तवा."

"काय झालं?"

"मले म्हने, मायले राजी कर शेत विकाले. तुह्या शब्दाबाहेर नाही ते. म्या म्हनलं, शेत त्याईचं हाय, म्या काऊन सांगू? तवा मारलं. एकच. डोक्यात कुकरची शिट्टी वाजली अन् थांबलीच नाही. रक्त आलं थोडं. मंग कापूस घातला अन् पुरनपोळ्या लाटल्या." ती थांबली. "तुमी आल्या अन् म्हनल्या, पोळी मस्त झाली आज."

मी काचेवर हात ठेवला.

"त्याच्या आधी?"

"आधी अंगावर. दिसत नाही तिथं. एकडाव गरम उलथनं. कमरेवर हाय."

"मले काऊन नाही सांगितलं, पोरी?"

"तुमचा एकच लेक हाय ना."

सुचिता मागं वळून बघत नव्हती, पण तिचे हात थांबले होते.

मी विचारलं, "अस्वल अंगावर होतं तवा तू ओरडली कशी नाही?"

तिनं डोळे मिटले. म्हणाली, "मले वाटलं तेच आले. ओरडलं की जास्त मारते."

गजेंद्र, हे तुझंच तुला लिहून कळवते आहे. तुझ्या बापानं मला कधी हात लावला नाही असं मी म्हणत नाही. एकदा उगारला होता. मी चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि तो हसत सुटला, मग मीही हसले. पुन्हा त्यानं उगारला नाही. तू कुठं शिकलास, ते मला सापडत नाही. सापडून काही उपयोगही नाही.

अकरा तारखेच्या पत्रात मी तुला ये म्हटलं होतं. तो शब्द मी परत घेते. येऊ नकोस.

कड थोडी जांभळी झाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळ्यापेक्षा जांभळी चांगली.


१७ जानेवारी

येऊ नकोस म्हटलं तर आलास. तुला काय आठवत असेल ते तुझ्यापाशी. मला दिसलं ते लिहिते, कारण हे कुठंतरी सरळ लिहिलेलं असावं.

ती नळीत होती. दाब पूर्ण चढलेला होता. तू दार ढकलून आत आलास. तोंडाला वास येत होता. आधी तू मला विचारलंस, "काय सांगितलं तिनं तुले?" मी म्हणाले, बाहेर चल. तू म्हणालास, "मी माह्या बायकोले न्याले आलो. काढा तिले बाहेर."

सुचितानं सांगितलं, "दादा, दाब हळूहळू उतरवा लागते. आत्ता झाकन उघडतच नाही."

"उघडत नाही कशी? दार हाय ना त्याले?"

तू काचेवर मुठी मारायला लागलास. मनगटातलं कडं काचेवर वाजत होतं. सुचिता किंचाळली, "काचेले मारू नका! आत ऑक्सिजन हाय!" तिनं तुझ्या खिशातला लायटर बघितला. "लायटर बाहेर फेका आधी!" तू तिच्या छातीवर हात टेकवून तिला भिंतीवर ढकललंस. तिचं डोकं आपटलं. मग तू मशीनची बटणं आणि चाकं पिळायला लागलास, हाताला येईल ते.

तेव्हा मी आत पाहिलं. अपेक्षा जागी होती. काचेतून तुझं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. तिनं दोन्ही हात डोक्याभोवती गुंडाळले, गुडघे पोटाशी घेतले. त्या सकाळी बांधावर घेतले होते अगदी तसेच. बोटं नव्या कातडीत रुतली आणि पांढऱ्या पट्टीतून लाल फुटलं. ओरडली नाही.

कोपऱ्यात सलाईनचा लोखंडी स्टँड होता. मी तो उचलला आणि तुझ्या डोक्यात घातला. भुवई फुटली. तू वळलास आणि माझ्या तोंडावर हात मारलास, दात हलला. मी पुन्हा मारला, खांद्यावर. तिसऱ्यांदा उगारला तेव्हा तू खाली बसला होतास, डोळ्यात रक्त गेल्यामुळं तुला दिसत नव्हतं. तू लहान असताना पडायचास आणि असाच हात पुढं करायचास. मी स्टँड खाली ठेवला नाही.

रखवालदारांनी तुला ओढत नेलं. दारातून तू ओरडलास, "माय हाय का कोन हाय तू?"

आता सांगते. हाव, माय हाय.

सुचितानं डोक्याला टेंगूळ आलेलं असताना मशीन सांभाळलं. दाब उतरेपर्यंत ती फोनवर अपेक्षाशी बोलत होती, "थुका गिळ. नाक दाबून फुंक. तो गेला. थुका गिळ." झाकण उघडलं तेव्हा मी तिची बोटं एकेक करून सोडवली. जोडाचा एक कोपरा उसवला होता. त्याच दिवशी पुन्हा टाके घातले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाकडच्या कडेला सुई टोचली आणि लाल रक्ताचा थेंब आला. त्या म्हणाल्या, "जगली कातडी." मी तो थेंब कितीतरी वेळ बघत होते.

परवा मामा आला. तीळगूळ घेऊन आला. खुर्चीवर बसून म्हणाला, "बाई, घरातलं घरातच राहू दे. पोरगं म्हनते, मी मायवर केस करत नाही. टाके पडले तरी. तू बी गप राह्य. महिनाभरानं येऊन तिले घेऊन जाईन, माफी मागंन म्हनते."

मी तीळगूळ बाजूला ठेवला.

"तुह्या म्हातारपनी कोन पायनार हाय तुले? हे परकी पोर? उद्या बाप येईन अन् घेऊन जाईन तिले. तुह्या तोंडात पानी घालाले पोरगंच लागते, बाई. अन् कडूबा दाजीचं नाव? ते काय ठाण्याच्या कागदावर लिहू देतं?"

"उकंडा," मी म्हणाले, "त्या दिवशी विहिरीवर माह्या हातात दगड कोनं देला?"

"म्या देला. मंग?"

"अन् मी म्हनलं हे ते नाही, तवा तू काय म्हनला?"

तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. "जनावराची गोष्ट वेगळी, बाई."

"हाव. जनावर पिल्लासाठी मारते."

तो उठला. दाराशी जाऊन पुन्हा वळला. "मंग काय सांगू त्याले?"

"मी लिहून कळवते."

मामा गेला. मला वाटलं अपेक्षा झोपली आहे. ती उजव्या कुशीवर होती, म्हणजे चांगला कान उशीत होता, तिला ऐकू गेलं नसणार. पण ती उताणी झाली. तिचं अर्धं डोकं अजून पट्टीत आहे. कपाळावरून भुवईपर्यंत शिवण गेली आहे, ती राहणारच. तिनं विचारलं, "मामा काय म्हनत होते?"

मी सगळं सांगितलं. माफीचंही सांगितलं. माझ्या तोंडातल्या पाण्याचंही सांगितलं. काही लपवलं नाही, कारण ठरवायचं तिला होतं. तू तिचा नवरा आहेस आणि मी तुझी आई आहे, हे दोन्ही तिनं मनात धरूनच ठरवावं असं मला वाटलं.

मग म्हणाली, "तुमी संगं यान का?"

"कुठं?"

"ठाण्यात."

"येईन."

"मले पहिल्यांदा नीट सांगता येनार नाही. ते कोनत्या बाजूनं इचारतील ते समजनार नाही."

"मी तुह्या डाव्या बाजूले बसतो."

दुसऱ्या दिवशी, तिची नळीतली पाळी झाल्यावर, मी तिला रिक्षात घालून पोलीस ठाण्यात नेलं आणि तिच्या डाव्या बाजूला बसले. तिनं पोळ्यापासून सांगितलं. मग मी सांगितलं. तुझं नाव, तुझ्या बापाचं नाव. स्टँड मी मारला, तेही सांगितलं. तू कुठं राहतोस ते त्यांनी विचारलं. ही पत्रं ज्या पत्त्यावर येतात, तो पत्ता मी दिला.